बोडीच्या नावापुढचा चौकोन

शनिवार, १२ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा. मोहाडी, वाचनालयाची आतली खोली. हजर: ग्रंथपाल गुलाबकाका, बाबा, कार्यकारिणीचे सभासद या नात्याने, रोज पेपर वाचायला येणारे निवृत्त तलाठीकाका, आणि मी, नंदा, वय सोळा, शिक्के मारण्यासाठी. गैरहजर: उरलेली सगळी कार्यकारिणी. धान निसवायला, लोंबं बाहेर पडायला आला होता, पंधरा दिवस पाऊस नव्हता आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात पाणी होतं.

ही नोंद माझ्या तेव्हाच्या वहीतली आहे, जशीच्या तशी. मला नवव्या-दहाव्या वर्षापासून याद्या करायची खोड आहे. आईच्या डब्यांची यादी, गावातल्या विहिरींची यादी, कोणत्या घरचं कुत्रं चावतं याची यादी. त्या वह्या मी अजून ठेवल्या आहेत आणि हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा सगळ्यात आधी हीच वही काढली. मला एका चौकोनाबद्दल सांगायचं आहे. तो मी रिकामा ठेवायला हवा होता. मी भरला, तो छापला गेला, आणि त्यामुळे गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाचा मान माझ्या बापाकडे आला. कोणाचं घर बुडालं नाही, कोणी कोर्टात गेलं नाही. तरी इतक्या वर्षांत मला ते एकदाही स्वस्थपणे आठवता आलेलं नाही. आठवायला बसलं की उठून काहीतरी आवरावंसं वाटतं. आत्तासुद्धा मध्येच उठून मी मसाल्याच्या बरण्या पुसून आले.

वाचनालयात वर्षातून एकदा नव्या ग्रंथांचं पार्सल यायचं. कादंबऱ्या थोड्या, अभ्यासाची पुस्तकं जास्त: इतिहास, कला, राजकारण. ती कोण वाचणार हा प्रश्न बैठकीत दरवर्षी निघायचा आणि चहा आला की मागे पडायचा. गुलाबकाका विळ्याने सुतळी कापायचे आणि खोक्यातून शाईचा आणि खळीचा असा वास यायचा की मला भूक लागायची. एकेक पुस्तक उचलून मी दाखल नोंदवहीत चढवायची: क्रमांक, नाव, लेखक, पाने. मग तीन शिक्के. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या आणि एक गुप्त पानावर. आमचं गुप्त पान एक्कावन्न होतं. चोराने पहिलं पान फाडलं तरी एक्कावन्नावरून पुस्तक ओळखता येतं, असं गुलाबकाका सांगायचे.

"मूर्तीवरचं पुस्तक कोन चोरन, काका?" मी विचारलं.

"कोनी चोरलं तर सत्कार करू त्याचा," तलाठीकाका पेपरामागून म्हणाले.

त्या दिवशी खोक्यात एकवीस पुस्तकं होती. शिल्पकलेवरचं एक होतं, चकचकीत पानांचं, त्यातल्या यक्षिणी पाहून गुलाबकाकांनी ते घाईघाईने कपाटात ठेवलं. राज्याच्या राजकारणावरचे दोन जाड खंड होते, जे पुढे कित्येक वर्षं दाराला आधार म्हणून कामी आले. सतरावं पुस्तक निळ्या बांधणीचं होतं, आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या तलावांचा इतिहास. वेष्टनावर तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, डोक्यावर धानाचा भारा घेऊन चाललेली बाई. ती पाळ मी ओळखली. लेखिकेचं नाव वाचलं आणि हातातला शिक्का तसाच राहिला. ते आमच्या मॅडमचं पुस्तक होतं.

मॅडम नागपूरच्या. त्याआधीच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्या आमच्या गावी आल्या होत्या. आमचं गाव करडीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. बाबा वाचनालयाचे सभासद म्हणून कोणीतरी त्यांना आमचा पत्ता दिला आणि त्या बारा दिवस आमच्याच घरी राहिल्या. सकाळी लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि भात खाऊन निघायच्या, दिवसभर पाळीवरून फिरायच्या, संध्याकाळी आईजवळ चुलीशी बसून उकडलेले शिंगाडे सोलता सोलता प्रश्न विचारायच्या. आईला त्यांच्या प्रश्नांची मौज वाटायची. मला मात्र त्यांच्या तक्त्याने वेड लावलं. एका मोठ्या कागदावर पाच रकाने: तलावाचं नाव, बांधणारा, पाळीची लांबी पावलांत, तुडूम किती, मान कोणाचा. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायचं तोंड. आत लाकडी बूच असतं, ते ओढलं की पाणी पाटात उतरतं. पावसाने दगा दिला की आश्विनात तुडूम खोलतात आणि त्याआधी पाळीवर नारळ फोडतात. तो कोणी फोडायचा ते ठरलेलं असतं. ज्याच्या पूर्वजाने तलाव खोदला त्या घरचा मान. आमच्या गावच्या बोडीचा, म्हणजे धाकट्या तलावाचा मान सोमाआजाच्या घरी होता. सोमाआजा आमच्या घरामागे राहायचे, नात्याचे नव्हते, पण त्यांना सगळं गाव आजाच म्हणायचं.

मॅडमनी माझ्या याद्या पाहिल्या आणि निघताना सव्वीस तलावांचा अर्धवट तक्ता माझ्या हातात ठेवला. उरलेले चौकोन तू भर आणि पोस्टाने पाठव, म्हणाल्या. "माहीत नसेल तिथे फक्त रेघ मार, नंदा. मला त्या रेघेचाही उपयोग आहे." मी मान डोलावली. घरच्यांशिवाय कोणी मला काम सांगितलं, तेही लिहायचं, अशी ती पहिलीच वेळ. दोन महिने बाबांच्या सायकलच्या मागच्या सीटवर बसून मी गावोगाव फिरले. पावलं मोजली, म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या, अर्ध्या वगळल्या आणि नावं तेवढी लिहिली. पाचवा रकाना तर मी एका बैठकीत वरपासून खालपर्यंत भरला: बांधणाऱ्याचे घराणे, बांधणाऱ्याचे घराणे. सगळीकडे तीच रीत होती.

शेवटी सगळे चौकोन भरले आणि एक राहिला. आमच्याच बोडीचा. मी सोमाआजाकडे तीनदा गेले होते. "माया आज्याच्या बापानं खोदली," ते म्हणायचे. नाव विचारलं की डोकं खाजवायचे. "आमी त्याले मोठा बुढाच म्हनत आलो. नाव कोन ध्यानात ठेवते वो?" पोस्ट दुपारी बंद व्हायचं. शंभरावर भरलेल्या चौकोनांत तो एक पांढरा चौकोन मला तोंडात भातातला खडा यावा तसा टोचत होता. रेघ मारली तर तक्ता अपुरा दिसेल, मॅडमना वाटेल पोरीने स्वतःच्याच गावात आळस केला. तेवढ्या जुन्या काळातलं एकच नाव मला ठाऊक होतं. घरच्या पेटीतल्या जुन्या कागदावर होतं ते, आमच्या पणजोबांच्या वडलांचं. बकाराम. मी ते लिहिलं. अक्षर सुरेख आलं. नुसता तक्ता पुरा करायचा होता असं मी पुढे स्वतःला सांगत आले, पण ते पूर्ण खरं नाही. आपलं नाव कुठेतरी असावं असंही वाटलं होतं.

तर ते निळं पुस्तक बाबांनी माझ्या हातातून घेतलं. शेवटी परिशिष्टात माझा तक्ता होता, सुबक छापलेला. मी पावलं तेवढी मोजली आणि नावं मॅडमनी जुन्या कागदांतून काढली, असाच बाबांचा समज होता. बाबांनी बोट ठेवून आमचं गाव शोधलं, ओठ हलवत वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"बकाराम म्हनजे आपलाच बकाराम!" ते उभेच राहिले. "पाहा जी तलाठीसाहेब, छापून आलं. आपल्याच घरानं बोडी खोदली, अन् आपल्यालेच ठाऊक नाही."

बाबांबद्दल इथे सांगायला हवं. चार भावांत ते तिसरे. गावच्या बैठकीत दाराजवळ बसायचे, बोलायला लागले की कोणीतरी मोठ्याने दुसरा विषय काढायचा. ते उठून बाहेर गेलेले कोणाच्या लक्षात यायचं नाही. घरात मात्र त्यांनी प्रत्येक छापील गोष्ट जपून ठेवलेली असायची, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. छापलेलं खोटं असू शकतं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला त्याआधी पाहिला नव्हता. तिथेच सांगायला हवं होतं. मी एक्कावन्नावं पान काढलं आणि शिक्का मारला.

घरी आई चुलीपाशी सुकटीला फोडणी देत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पुस्तकात आलं म्हनून तुमचा बुढा उठून बोडी खोदाले गेला का?"

"तुले नाही समजत. शिकलेल्या बाईनं लिहिलं."

"ते शिकलेली बाई बारा दिवस माया घरी होती. म्हशीले कोनत्या बाजूनं बसून दोहतात, ठाऊक नोहोतं तिले." मग माझ्याकडे वळून, "अन् तू काहून गप आहेस वो?"

मी म्हटलं, ठसका लागला. सुकटीचा होताच.

पुढचे चार दिवस बाबा पुस्तक घेऊन घरोघर फिरले. गावात जो कधी कोणाच्या ओसरीवर विनाकारण बसला नाही, तो माणूस लोकांना पान उघडून दाखवत होता. लोकांनीही आधी मस्करी केली, मग पुस्तक हातात घेऊन वजन पाहिलं, आणि तेवढ्या वजनाने पुष्कळांची खात्री पटली. मी रोज ठरवायची, आज सांगू. वहीत त्या आठवड्याच्या पानांवर 'बाबांशी बोलणे' असं चार वेळा लिहिलेलं आहे. बाकीच्या कामांवर रेघा आहेत.

गुरुवारी सकाळी तुडूम खोलायचं ठरलं. बोडीच्या पाळीवर पन्नासेक माणसं जमली होती. खाली धानाची लोंबं अर्धी बाहेर आलेली, बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडायला लागलेल्या. सोमाआजा नेहमीसारखे धुतलेलं धोतर नेसून, पंचात नारळ गुंडाळून आले. बाबाही आले. त्यांच्या एका हातात नारळ आणि काखेत निळं पुस्तक. मी आईच्या मागे उभी राहिले, कारण आईची पाठ रुंद होती.

बाबांनी पान उघडून मोठ्याने वाचलं. या वेळी मध्येच कोणी दुसरा विषय काढला नाही. वाचून झाल्यावर सगळे सरपंचाकडे पाहायला लागले.

"बुकात आहे तर आहे, गा," सरपंच म्हणाले. "आता बुकाले खोटं कसं म्हनायचं? सोमाआजा, तुयापाशी काही कागद?"

"माया आज्यानं फोडला, बापानं फोडला, मी चाळीस वर्सं फोडून राहिलो. अजून कागद कोनता पायजे?"

"तसं नाही. पन ज्यानं खोदली त्याचं नाव सांग ना मंग. इथं तर नाव आहे."

कोणीतरी मागून म्हणालं, "आजाले सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, नाव कुठून सांगन!" थोडे हसले. सोमाआजा हसले नाहीत. त्यांनी गर्दीत नजर फिरवली आणि आईच्या खांद्यावरून थेट माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं. हाच प्रश्न वही घेऊन तीनदा मी विचारला होता. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मला वाटतं, तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. मी ती दोन वाक्यं नंतर अनेकदा लिहून पाहिली आहेत. दोनच होतात.

"नाव नाही येत मले," सोमाआजा म्हणाले. मग बाबांना म्हणाले, "फोड गा. पानी खोळंबलं."

बाबांनी नारळ फोडला. नीट फुटला नाही, सवय नव्हती, तीनदा आपटावा लागला. खाली उतरलेल्या दोघांनी बूच ओढलं आणि पाळीच्या पोटातून आधी घुरघुर, मग एक ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि पाणी पाटात धावलं. लोक पाण्याबरोबर खाली पळाले. सोमाआजांनी खोबऱ्याचा तुकडा घेतला, कपाळाला लावून खाल्ला, आणि आपला नारळ पुन्हा पंचात बांधून घरी गेले. बाबांना जाताना वाट द्यायला दोन माणसं बाजूला सरली. मी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच मी मागच्या अंगणात गेले. सोमाआजा अंबाडीचा दोर वळत बसले होते. दोराचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, मी आले की ते देत तसंच. मी ते धरून उभी राहिले आणि म्हणाले, "आजा, ते नाव म्याच लिहिलं. मॅडमनं नाही."

"मले ठाऊक आहे. मॅडम कुठं आली होती माया घरी? तूच तर आली होती."

"मंग काल काहून नाही बोलले?"

"तू काहून नाही बोलली?"

मी म्हणाले, "मी आज बाबाले सांगतो. सरपंचालेही सांगतो."

"आज नको." त्यांनी पीळ दिला. "तुया बापाले गावात कधी कोनी पुढं बस म्हटलं नाही. काल पयल्यांदा लोकायनं रस्ता देला त्याले. आज तू सांगशीन तर तो मानूस पाळीवर पाय नाही ठेवनार जनमभर. मी आहो तोवर राहू दे. माया मांगून सांगजो." मग त्यांनी दोर खाली ठेवला. "पन सांगजो, बाई. माया नातवाले त्याचा मान भेटला पायजे. माया बापानं मले देला, तो मी वाटेत सांडून नाही जाऊ शकत."

"अन् मॅडमले कोनतं नाव कळवू?"

"आता अजून आपल्या मनानं नको लिहू!" ते एकदम हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "मोकळं ठेव."

मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं हे कबूल करते. काम पुढे ढकललं गेलं होतं, आणि तेही ज्याचं नुकसान झालं त्याच माणसाने ढकललं होतं. पुढे माझी बारावी झाली, मी शिकायला नागपूरला गेले. त्याच काळात एका उन्हाळ्यात सोमाआजा गेले. मी मातीला पोचले. स्मशानातून परतताना बाबा म्हणाले, "सोम्याबुढ्यानं कधी मनात ठेवलं नाही." तेव्हा सांगता आलं असतं. पण माती देऊन आलेल्या माणसाला असं कसं सांगायचं, असं वाटलं. मग माझं लग्न, मग आईचं आजारपण, मग आई गेली, मग बाबांच्या छातीचं ऑपरेशन. दरवेळी कारण खरं होतं. बाबा दर आश्विनात नारळ फोडत राहिले. आता त्यांचा नारळ एका फटक्यात फुटतो. ज्या वर्षी पाऊस पुरतो आणि तुडूम खोलावं लागत नाही, त्या वर्षी ते जरा उदास असतात. सोमाआजाचा नातू रमेश चाळिशीचा आहे. खाली उतरून बूच ओढणाऱ्या दोघांत तो असतो. मला ताई म्हणतो.

मी भंडाऱ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. नव्या ग्रंथांची यादी आता माझ्याच टेबलावर येते. इतिहास, कला, राजकारण, त्याच क्रमाने. मी ती टिकमार्क करून प्राचार्यांकडे पाठवते आणि माझ्या कामात चूक सापडत नाही असा माझा लौकिक आहे. प्रत्येक नव्या अभ्यासग्रंथाचं मी सगळ्यात आधी परिशिष्ट उघडते. एखाद्या तक्त्यात एकही रेघ दिसली नाही तर मला त्या पुस्तकाची शंका येते. यंदाच्या यादीत निळं पुस्तक पुन्हा आलं, सुधारित आवृत्ती म्हणून, छपाईच्या वाटेवर. सोबत मॅडमचं छोटं निवेदन: जुन्या आवृत्तीतल्या चुका कोणाला आढळल्या असतील तर महिनाअखेरपर्यंत कळवाव्यात. त्या आता पुष्कळ थकल्या असतील.

पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. अमुक पान, अमुक ओळ, दुसरा रकाना, नाव काढून तिथे रेघ मारावी, पाचव्या रकान्यात सोमाआजाचं घराणं लिहावं. चूक कोणाची तेही लिहिलं. पाकीट, पत्ता, तिकीट, सगळं झालं. पण ते टाकण्याआधी बाबांना कळायला हवं, पुस्तकातून नाही. म्हणून मंगळवारी रजा काढून गावी गेले. बाबा ओसरीत बसले होते, ब्याऐंशी वर्षांचे, कान गेलेले, डोळे शाबूत. नव्या आवृत्तीचं त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं होतं.

"नंदे, नव्या पुस्तकात बोडीचा फोटू रंगीत येईन का वो?"

"विचारतो, बाबा," मी म्हणाले.

मग त्यांच्या गोळ्यांचा डबा आठवडाभराचा भरला, पाण्याच्या मोटरवाल्याला फोन केला, भाजी निवडली आणि पाचच्या गाडीने परत आले. पत्र पर्समध्येच होतं. महिना संपायला नऊ दिवस आहेत. रविवारी सकाळी साडेसातची गाडी धरायची, आणि त्यांच्या कानाशी बसून ते पत्र मोठ्याने वाचायचं.